आहे तसा फोटो

फोटोवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "काही करायचं नाही हं, आहे तसा फोटो काढा." लग्नाळू मुलं हेच म्हणायची, पासपोर्टवाले हेच म्हणायचे, पेन्शनच्या कागदासाठी आलेले आजोबासुद्धा काठी बाजूला ठेवून हेच म्हणायचे. मग फोटो पडद्यावर उमटला की हीच मंडळी जरा पुढे वाकायची, घसा खाकरायची आणि आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून हळूच विचारायची, "हे डोळ्यांखालचं जरा कमी होईल का?" होईल की, न व्हायला काय झालं. फोटोवाल्याची उभी हयात त्यातच गेली होती.

त्यामुळे 'आहे तसा' हे शब्द त्याच्या कानांवर पडायचे, आत शिरायचे नाहीत. लोक लाजेखातर असं म्हणतात, आपण न विचारता काम उरकून टाकावं, म्हणजे बिचाऱ्यांना तोंड उघडून मागावं लागत नाही, असा त्याचा शिरस्ता होता. चामखीळ, मुरमांचे खड्डे, पुढे आलेला दात, मागे गेलेले केस, सगळं तो गुपचूप निस्तरायचा. आणि काम झालं की मूळ फोटो पुसून टाकायचा, अगदी कॅमेऱ्यातूनसुद्धा. ही शिकवण त्याच्या वडिलांची. त्यांच्या काळी दिव्यावर निगेटिव्ह धरून टोकदार पेन्सिलीनं चेहरे साफ करावे लागत. माणसानं आपल्याकडे जे झाकायला दिलं ते आपल्या कपाटात राहता कामा नये, असं ते म्हणत. फोटोवाल्यानं हे व्रत इमानानं पाळलं होतं. आख्ख्या वस्तीचे डाग त्याच्या हातून गेले, पण शोधायला गेलात तर दुकानात एक सापडला नसता.

त्याला एकुलती एक मुलगी. फोटोवाल्याच्या घरात दुसरं काय नाव पडणार, असं म्हणून तिच्या आत्यानं ती पाळण्यात असतानाच तिला छबी म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

छबीच्या चेहऱ्यावर जन्मापासून एक डाग होता. कपाळाच्या डाव्या कडेला सुरू होऊन डोळ्याला वळसा घालून तो पार जबड्यापर्यंत उतरला होता. रंग जांभळट लाल, पिकल्या जांभळाचा रस सांडावा तसा. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा काही त्रास देणार नाही आणि जाणारही नाही. आईबापांनी ते ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून 'डाग' हा शब्दच घरातून हद्दपार झाला. कपड्यांवर पडला तरी त्याला 'काहीतरी सांडलंय' म्हणायचे. छबीच्या गालाला घरात 'डावी बाजू' म्हणत. "डाव्या बाजूला नीट क्रीम लाव गं, ऊन आहे," एवढाच काय तो त्याचा उल्लेख.

घर दुकानाच्या वरच होतं. दुकानातून वर जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर छबीचा दरवर्षीच्या वाढदिवसाचा फोटो लावलेला होता. खालच्या पायरीशी दात नसलेली छबी, वरच्या पायरीशी ताडमाड उंच झालेली छबी. आणि प्रत्येक फोटोत तिचे दोन्ही गाल सारखे, स्वच्छ. हे काम फोटोवाला कधी दुसऱ्यावर सोपवत नसे. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला तो पाच-दहा मिनिटं द्यायचा, लेकीच्या चेहऱ्याला सगळी संध्याकाळ. आपल्या पोरीकडे कुणी बोट दाखवू नये, निदान भिंतीवर तरी नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. त्याच्या मायेची रीतच ती होती. दुसरी त्याला येत नव्हती.

छबीनं कधी तक्रार केली नाही, कधी कौतुकही केलं नाही. ती जिना चढता-उतरताना फोटोंकडे बघत नसे एवढंच.

तर ही छबी बारावीला आली आणि तिच्या मनानं एका कॉलेजचा ध्यास घेतला. कॉलेज लांब होतं, जुनं होतं आणि हवामानशास्त्र शिकवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं कॉलेज नव्हतं. छबीला लहानपणापासून आभाळाचं वेड. गच्चीवर तिनं पत्र्याचं नरसाळं आणि बाटली बसवून पाऊस मोजायचं यंत्र केलं होतं. कपडे वाळत घालायला गेलेली पोर तासाभरानं ओल्या कपड्यांसकट परत यायची, कारण ढगांत काहीतरी 'चाललेलं' असायचं. पण त्या कॉलेजात शंभर मुलांनी अर्ज केला तर चारपाच जणांनाच घेत. फोटोवाल्यानं हे ऐकलं तेव्हा त्याला दोन काळज्या लागल्या. घेतलं नाही तर पोरीचं कसं होईल ही एक, आणि घेतलं तर आपलं कसं होईल ही दुसरी.

मग मोहिमेची सूत्रं आत्यानं हातात घेतली. आत्या म्हणजे फोटोवाल्याची थोरली बहीण. तिचं दोन गल्ल्या पलीकडे औषधांचं दुकान होतं आणि गोळ्यांच्या पाकिटाबरोबर सल्ला फुकट मिळे. कुणाचं पोर कुठं लागलं, कसं लागलं, कुणाचं का नाही लागलं, ही सगळी माहिती खोकल्याच्या औषधाबरोबर तिच्याकडे जमा व्हायची.

"मार्कांचं कौतुक मला सांगू नका," तिनं पहिल्याच बैठकीत जाहीर केलं. "तिथं अर्ज करणारं प्रत्येक पोर पहिलंच आलेलं असतं. आता एवढ्या पहिल्यांमधून हिला का घ्यायचं? पोरगी उठून दिसली पाहिजे."

उठून दिसण्यासाठी आधी बासरी आणली गेली. दोन आठवडे ती वाजली. मग शेजारच्या शिवणवाल्या बाई येऊन घरात कुणाला दम्याचा त्रास सुरू झालाय का, अशी आस्थेनं चौकशी करून गेल्या. बासरी कपाटात गेली. मग दोरीला लटकून भिंत चढायचा वर्ग लावला. छबी सरसर चढली, पण वर पोचल्यावर खाली येईना. पश्चिमेला एक ढग वाटीसारखा उलटा होत होता आणि तिला तो शेवटपर्यंत बघायचा होता. खालून ओरडून ओरडून मास्तरांचा घसा बसला. त्यांनी दुसऱ्या दिवशी नम्रपणे सांगितलं की मुलगी हुशार आहे, तिला दुसरीकडे घाला.

"अर्जाबरोबर निबंध द्यायचाय ना, त्यात आभाळाचंच लिही मग," आई म्हणाली. आई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला होती आणि घरात सगळ्यांत कमी बोलणारी तीच.

"आभाळाकडे काय, सगळेच बघतात," आत्या म्हणाली. "निबंधात दुःख लागतं. परिस्थितीशी झगडा लागतो. अरे, तुमच्याकडे काही अडचण-बिडचण?"

फोटोवाला ओशाळला. दुकान बरं चाललं होतं, बायकोची नोकरी पक्की होती, म्हातारी माणसं समाधानानं गेली होती. साधं दुःख म्हणाल तर तेही त्याच्याकडे धड नव्हतं. क्षणभर तिघांचीही नजर नकळत छबीच्या डाव्या गालाकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. आई खिडकीबाहेर बघायला लागली, फोटोवाल्यानं चष्मा पुसायला घेतला आणि आत्यानं बिस्किटांची बशी पुढे सरकवली. छबीनं बिस्किट घेतलं आणि शांतपणे खाल्लं.

"मी लिहिते काय ते," ती म्हणाली. "पण पाठवायच्या आधी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही सगळ्यांनी हात लावला तर ते तुमचंच होईल."

आत्याला राग आला, पण दुकान उघडायची वेळ झाली होती.

अर्जाला फोटो लागणार होता. ते खातं अर्थातच बापाचं. छबी कॅमेऱ्यासमोर बसली, केस मागे बांधले आणि म्हणाली, "बाबा, आहे तसा हवा."

"हो गं, हो," फोटोवाला म्हणाला. हे तो किती जणांना म्हणाला असेल याला गणती नव्हती.

त्या संध्याकाळी त्यानं जीव ओतला. एवढ्या मोठ्या कॉलेजात, एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांपुढे पोरीचा चेहरा जाणार. त्यानं गालाचा कण न् कण जुळवला, उजव्या गालावरचा प्रकाश डाव्या गालावर आणला, भुवईचा एकेक केस पुन्हा बसवला. इतकं सुंदर काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. मग शिरस्त्याप्रमाणे त्यानं मूळ फोटो पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी छबीची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि अर्जाची मुदतही त्याच संध्याकाळी संपत होती. "बाकी सगळं भरलंय," ती बूट घालता घालता म्हणाली. "फोटो तेवढा चढवा आणि पाठवून द्या. मला यायला उशीर होईल." फोटोवाल्यानं हात धुतले, फोटो चढवला आणि श्वास रोखून बटण दाबलं. निबंध तिथंच, एका बटणाच्या अंतरावर होता. पण नको म्हटलंय तर नको. त्यानं तो उघडला नाही.

महिना-दीड महिन्यानं कॉलेजकडून कळवलं गेलं की छबी पहिल्या चाळणीतून पार पडली आहे आणि कॉलेजच्या एक माजी विद्यार्थिनी तिला घरी येऊन भेटतील. घरात एकच धांदल उडाली. आईनं पडदे धुतले. आत्याला त्या दिवशी येऊ नकोस असं सांगायचं धाडस कुणाला होईना, शेवटी छबीनंच सांगितलं. आत्यानं ते मनाला लावून घेतलं आणि वर बिस्किटांचे पुडेही पाठवले.

पाहुण्या बाई पन्नाशीच्या होत्या. पूल बांधायच्या कामावर इंजिनिअर होत्या, त्यामुळे बोलणं मोजकं आणि चपला दणकट. छबीनं दार उघडलं तसा त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग वर न जाता दुकानातच बसूया म्हणाल्या. आईनं चहा खाली आणला.

चहा झाला, गच्चीवरच्या नरसाळ्याची चौकशी झाली. मग बाईंनी कप बाजूला ठेवला. "मी स्पष्टच बोलते. निबंध आम्हाला फार आवडला. पण अर्ज वाचणाऱ्या आमच्यातल्या दोघांचं ठाम मत पडलं की हा रचलेला आहे. असले निबंध आमच्याकडे येतात. उठून दिसायचं म्हणून मुलं न झालेले आजार लिहितात, चांगल्या जिवंत आज्यांना मारून टाकतात. तसं एकदा ठरलं की अर्ज बाद होतो. मी म्हटलं, आधी मुलीला बघून तरी येऊ."

"रचलेला?" छबीचा आवाज चिरका झाला. "का पण?"

"कशावर लिहिलायस?" फोटोवाल्यानं मध्येच विचारलं.

छबीनं त्याच्याकडे बघितलं. "माझ्या डागावर, बाबा."

तो शब्द दुकानात पडला. आईनं ट्रे खाली ठेवला. बाईंनी फाइल उघडून छबीपुढे धरली. वरच्या कोपऱ्यात फोटो होता. स्वच्छ, नितळ, दोन्ही गाल सारखे.

छबीनं तो पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ पाहत राहिली. ती रागावली असती तर फोटोवाल्याला सोपं गेलं असतं. पण तिचे डोळे नुसतेच भरून आले. "बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सगळेच सांगतात गं," तो बोलून गेला. बोलता क्षणी त्याला स्वतःच्या जिभेचा राग आला. आपल्या पोटच्या पोरीला आपण गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं केलं हे त्याला तेव्हा कळलं.

तो उठून उभा राहिला. "बाई, तिचा यात काडीचा दोष नाही. तिनं आहे तसाच मागितला होता. मी माझ्या हातानं हे केलं आणि मीच पाठवला, तिनं बघितलाही नव्हता. थांबा, मी तुम्हाला मूळ फोटो दाखवतो." तो लगबगीनं कॉम्प्युटरकडे गेला. तिथं मूळ फोटो नव्हता. कॅमेऱ्यात नव्हता. मग तो मागचा वाढदिवस शोधायला लागला, मग त्याच्या मागचा. जिन्यात गेला, भिंतीवरच्या एकेका फोटोपुढे उभा राहिला, जणू एखाद्यात चुकून राहून गेलं असेल. कुठंच काही राहून गेलं नव्हतं. तो कामाचा पक्का होता. मुलगी सतरा वर्षांची झाली, बाप फोटोवाला, आणि तिचा एक फोटो घरात नव्हता. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तो खाली आला आणि खुर्चीवर बसला. "नाही," एवढंच म्हणाला.

"अहो, फोटो कशाला हवा, मुलगी समोर बसलीय की," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "डाग मी पाहिला. तो प्रश्न मिटला. माझा वेगळाच प्रश्न आहे, आणि तो हिला आहे." त्या छबीकडे वळल्या. "तू लिहिलंयस की हा डाग जगात एकाच माणसाला पाठ आहे. ते कोण, हे काही लिहिलं नाहीस. आमच्यात त्यावरून वाद झाला. मी म्हटलं आई असेल."

आईनं मान हलवली. "मी नाही. मी तर क्रीमसुद्धा घाईघाईनं लावते," ती म्हणाली आणि तिलाच रडू आलं.

"बाबा," छबी म्हणाली.

फोटोवाल्यानं वर पाहिलं.

"लोक माझ्याशी बोलतात ना, तेव्हा उजव्या डोळ्याकडे बघून बोलतात," छबी बाईंना सांगू लागली. "मैत्रिणीसुद्धा. डावीकडे नजर गेली की लगेच काढून घेतात. चांगलीच माणसं असतात, मला वाईट वाटू नये म्हणूनच करतात. पण त्यामुळे माझ्या डाव्या गालाकडे कुणी धड बघितलेलंच नाही. फक्त बाबांनी. मी लहान होते तेव्हा त्यांच्या मांडीवर बसायचे. ते माझा फोटो पडद्यावर एवढा मोठा करून घ्यायचे आणि पुसायला लागायच्या आधी नुसते बघत बसायचे. कुठं तो गडद आहे, कुठं पातळ होतो, त्याची कड कुठं संपते ते नक्की सांगता येत नाही. कानापाशी तो फिका आहे, हे मला आरशातही कधी दिसलं नव्हतं, ते मी तिथं पाहिलं. नंतर गच्चीवर ढग दिसले, तेव्हा कसं बघायचं हे मला माहीत होतं. कड कुठं विरते ते बघायचं, घाई करायची नाही. एवढंच मी लिहिलंय."

ती थांबली. मग बापाकडे बघून म्हणाली, "तुम्ही पुसायचात तेव्हा मला वाईट वाटायचं. दरवेळी वाटायचं. पण त्याच्या आधी जेवढा वेळ बघायचात, तेवढा वेळ मला फार आवडायचा. म्हणून मी काही बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही बघायचंही सोडलं असतं."

परक्या बाईसमोर रडायचं नाही असं फोटोवाल्यानं ठरवलं आणि ते काही जमलं नाही. "मला तो कधी वाईट दिसला नाही गं," तो म्हणाला. "शपथ सांगतो. कधीच नाही."

"मग पुसत का होतात?"

"लोकांनी बोलू नये म्हणून."

"लोक फोटोशी कुठे बोलतात, बाबा? ते माझ्याशीच बोलतात."

त्यानं उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. पाहुण्या बाई भिंतीवरचं दरपत्रक मन लावून वाचू लागल्या.

मग त्यांनीच सुचवलं की फाइलमध्ये नवा फोटो लावता आला तर बरं. छबी पुन्हा त्या खुर्चीवर बसली. फोटोवाल्यानं दिवे सरकवायला घेतले आणि त्याच्या लक्षात आलं की आजवर तो लेकीला नेहमी उजवीकडून उजेड देत आला होता, डावी बाजू सावलीत राहावी म्हणून. त्यानं मोठा दिवा उचलून डावीकडे आणला. फोटो पडद्यावर आला. सवयीनं त्याचा हात माऊसकडे गेला, त्यानं तो मागे घेऊन खिशात घातला. आई खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली होती. चौघंही पडद्याकडे बघत राहिली. सुंदर होती पोर. छपाई होऊन फोटो बाहेर आला तेव्हा बाईंनी तो कडेला धरून जपून फाइलमध्ये ठेवला.

निघताना फोटोवाल्यानं त्यांना दारात गाठलं. "बाई, माझ्यामुळे तिचं नुकसान व्हायचं नाही ना?"

"निर्णय माझ्या एकटीच्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "पण जे पाहिलं ते सगळं लिहीन. तुमच्यासकट."

पुढचे दिवस त्याला खायला उठले. आपल्या हातानं आपण पोरीचं नशीब पुसलं की काय, या विचारानं त्याला अन्न गोड लागेना. एका गिऱ्हाइकाची चामखीळ तो पुसायची विसरला. ते गिऱ्हाईक फोटो घेऊन गेलं आणि परत आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. आत्या रोज येऊन विचारायची, काही कळलं का, आणि नाही म्हटलं की त्याच्यावर डोळे वटारायची. छबी मात्र पूर्वीसारखीच गच्चीवर जात होती. एकदा तिनं त्याला वर बोलावलं आणि एक ढग दाखवला. तो तिच्या शेजारी उभा राहून बघत राहिला. त्याला ढगातलं काही कळलं नाही, पण त्यानं घाई केली नाही.

शेवटी कळलं. छबीला घेतलं होतं. तिनं ते जिन्यातूनच ओरडून सांगितलं आणि फोटोवाला समोरच्या गिऱ्हाइकाला तसाच हनुवटी वर करून बसवून ठेवून पळत वर गेला. आत्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं की सुरुवातीपासून सल्ला तिचा होता. कुणी तिला खोडून काढलं नाही.

कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी आईबापांना बोलावलं होतं. मोठं मैदान, तिन्ही बाजूंनी पायऱ्या, पायऱ्यांवर पालक. खाली नव्या मुलांच्या रांगा. कॉलेजनं सगळ्यांना सारखे करडे कोट आणि सारख्या टोप्या दिल्या होत्या, त्यामुळे वरून बघताना एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. पायऱ्यांवर जो तो आपलं पोर शोधत होता. सगळी आपापल्या गावात पहिली आलेली मुलं, आणि त्यांच्याच आईबापांना ती सापडत नव्हती. आईनं डोळ्यांवर हात धरून दोनदा रांगा पालथ्या घातल्या. "मला नाही बाई दिसत," ती म्हणाली.

फोटोवाल्यानं नुसती नजर फिरवली. "ती काय. चौथ्या रांगेत, खांबाच्या अलीकडे," तो म्हणाला आणि त्यानं बोटानं दाखवलं.

आईला दिसली. तिनं त्याचा दंड घट्ट धरला. त्यांच्या शेजारी एक गृहस्थ दुर्बीण लावून बसले होते, तरी त्यांचा मुलगा त्यांना सापडत नव्हता. त्यांनी दुर्बीण खाली केली. "तुम्हाला सापडली सुद्धा?" त्यांनी विचारलं. "इथून तर सगळी सारखीच दिसतात. तुम्ही कशावरून ओळखलीत?"

फोटोवाल्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली. तो मैदानाकडेच बघत होता.

"तिच्या गालावर डाग आहे," तो म्हणाला. "डावीकडे, कपाळापासून खाली. कानापाशी जरा फिका आहे, पण ते तुम्हाला इथून दिसायचं नाही."